जगातला सर्वांत बलवान माणूस

कुस्तीत माणूस माणसाशी झुंजतो. पण एक स्पर्धा अशी आहे, की तिथे माणूस ओझ्याशी झुंजतो. देशोदेशीचे गडी जमतात. ते मोठमोठे दगड उचलतात. लाकडाचा ओंडका डोक्यावर पेलतात. दोर बांधून ट्रक ओढतात. सगळ्यांत जो सरस ठरेल, त्याला ‘जगातला सर्वांत बलवान माणूस’ म्हणतात. ही स्पर्धा 1977 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झाली. पहिला मान ब्रूस विल्हेल्म या अमेरिकन गड्याने मिळवला.

तुम्ही म्हणाल, “आम्हांला काय त्याचं? ओझी तर आम्ही रोजच उचलतो.” म्हणूनच तर ही माहिती आम्ही तुम्हांला सांगत आहोत.

चार दगड

ही स्पर्धा नवी आहे, पण दगड उचलण्याची परीक्षा फार जुनी. युरोपच्या वायव्येला आइसलँड नावाचे बेट आहे. तिथे थंडी फार, पीक थोडे. लोक मासे धरून आणि मेंढ्या पाळून पोट भरत. तिथल्या एका किनाऱ्यावर चार दगड आहेत. त्यांना नावे आहेत. सर्वांत मोठ्याचे नाव ‘पुरा बळकट’. त्याचे वजन 154 किलो. दुसरा ‘अर्धा बळकट’, 100 किलोचा. तिसरा ‘अर्ध्या वाट्याचा’, 54 किलोचा. चौथा ‘कुचकामी’, 23 किलोचा.

होडीवर काम मागायला माणूस आला, की त्याला या दगडांपुढे उभे करीत. दगड उचलायचा आणि कमरेइतक्या उंच खडकावर ठेवायचा. 54 किलोचा दगडही ज्याला जमला नाही, त्याला होडीवर जागा नसे. म्हणजे हा नुसता खेळ नव्हता. भाकरीचा प्रश्न होता.

याच लहानशा बेटाने पुढे जगाला मोठे बलवान दिले. योन पाल सिग्मारसन याने 1984, 1986, 1988 आणि 1990 अशी चार वेळा ही स्पर्धा जिंकली. त्याच्या मागून त्याच देशाच्या माग्नुस वेर माग्नुसन यानेही चार वेळा जिंकली.

स्पर्धेतले खेळ

या स्पर्धेतल्या एका खेळाचे नावच ‘शेतकऱ्याची चाल’ असे आहे. दोन्ही हातांत दोन जड वजने घ्यायची आणि ठरलेले अंतर झपाझप चालून जायचे. पाण्याच्या दोन भरल्या बादल्या घेऊन आपण चालतो, तसेच. इथे पाय थकण्याआधी बहुधा मूठ सुटते. ज्याची मूठ पक्की, तो पुढे जातो.

दुसरा खेळ ट्रक ओढण्याचा. रुतलेली गाडी हलवताना बैल कसे खाली वाकून रेटतात, ते तुम्ही पाहिलेच आहे. हा गडीही तसाच पुढे झुकतो आणि आखूड पावले टाकतो. खरे बळ लागते ते पहिल्या हिसक्याला. चाक एकदा फिरले, की मग ते थांबू द्यायचे नाही.

गोल दगडांचा खेळ बहुधा शेवटी असतो. पाच दगड ओळीने मांडलेले असतात. प्रत्येक दगड आधीच्यापेक्षा जड. गडी हातांना राळेसारखा चिकट पदार्थ लावतो. दगड आधी मांडीवर घेतो. मग छातीशी कवटाळतो. मग पायांच्या जोरावर उभा राहतो आणि दगड ओट्यावर ठेवतो. दगड अंगापासून दूर राहिला, की तो उचलत नाही.

शेवटच्या फेरीत दहा गडी असले, तर प्रत्येक खेळात पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 9, आणि असे करीत शेवटच्याला 1 गुण मिळतो. सगळे गुण मिळवून निकाल लागतो. त्यामुळे नुसता दंड मोठा असून भागत नाही. मूठ, पाय, कंबर आणि दम, सगळेच लागते.

बळाची किंमत

पहिल्याच वर्षी, 1977 साली, फ्रँको कोलंबू नावाचा नामांकित गडी पाठीवर फ्रिज घेऊन पळत होता. त्याचा तोल गेला. ओझे एका बाजूला कलले आणि त्याचा पाय जबर दुखावला.

2016 साली एडी हॉल या इंग्रज गड्याने 500 किलो वजन जमिनीवरून उचलले. 500 किलो म्हणजे पाच क्विंटल. पन्नास किलोची दहा पोती! वजन उचलले, पण त्याच्या नाकातून रक्त आले आणि तो कोसळला. पुढच्या वर्षी त्याने स्पर्धा जिंकली आणि लगेच ती सोडली. अंगाचे वजनही कमी केले.

योन पालचे काय झाले? 1993 च्या जानेवारीत तो व्यायामशाळेत वजन उचलत होता. तिथेच हृदय बंद पडून तो गेला. वय अवघे 32.

या गड्यांना पोटभर सकस अन्न असते. शिकवणारे असतात. स्पर्धा झाली, की विश्रांती असते. हमालाला आज पोती उचलून उद्या पुन्हा उचलायची असतात. त्याची कंबर मोडली, तर घराची चूल थंडावते. म्हणून 1967 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितले, की एका प्रौढ पुरुषाने अंगावर वाहायचे ओझे 55 किलोहून अधिक असू नये. जास्त असेल, तर ते लवकर कमी करावे.

पूर्वी दगड ठेवून माणूस जोखीत. आता माणूस पाहून ओझे ठरवावे, असे जगाने मानले आहे. मग आपणही एवढे करू या. ओझे अंगाशी धरावे. गुडघे वाकवून पायांच्या जोरावर उठावे. वळताना कंबर पिळू नये, पाय फिरवावेत. आणि ओझे जास्त वाटले, तर “अरे, जरा हात लाव रे!” म्हणावे. त्यात कमीपणा कसला?

सांगा पाहू

1. आइसलँडमध्ये होडीवर काम देण्याआधी माणसाची परीक्षा कशी घेत?
2. ट्रक ओढताना जास्त बळ केव्हा लागते?
3. तुमच्या गावात भरलेल्या पोत्याचे वजन किती असते? ते 55 किलोहून जास्त आहे का? काट्यावर पाहून लिहा.