भरपाईच्या यादीत माझं नाव नव्हतं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत शेडवरचा जुना सिमेंटचा पत्रा बदलताना माझा माणूस खाली पडला. सिव्हिलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय चाळीस. आमचा संसार तपाहून जास्त झालेला, पोरगी सहावीत. पोलिसांना मी ‘पत्नी’ असंच सांगितलं, पण कागदोपत्री पत्नी दुसरीच होती. थोरली दिंडोरी तालुक्यात गावी राहते. तिच्याशी झालेली फारकत पंचांच्या सह्यांची, शंभराच्या स्टॅम्पपेपरवरची. कोर्टाचा हुकूमनामा कुणी घेतलाच नव्हता.

तेराव्याच्या आत ठेकेदाराचा मुकादम आला. सोबत दोन लाख रोख आणि ‘पुढे कसलाही दावा करणार नाही’ असा टाइप केलेला कागद. दीर म्हणाले, “घेऊन टाका वहिनी. लग्नाचा कागद नाही, कोर्टात कोण उभं करणार तुम्हाला?” मी विचार करून सांगते म्हणाले आणि तो कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

वकीलबाईंनी आधी हिशेब मांडला. आमचा दावा 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली चालला. त्यात मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचे आणि चाळिशीचा आकडा होता 184.17. म्हणजे 13,81,275 रुपये. आणि मुकादम दोन लाखांचे उपकार करायला आला होता! मृत्यूची भरपाई घरी आणून द्यायचीच नसते. ती आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, जमा करावी लागते. हक्क सोडल्याच्या कागदाला या कायद्यापुढे किंमत नाही. महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही.

एवढं ऐकून मला धीर आला. मग त्यांनी अवलंबितांची यादी वाचून दाखवली. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई. पुढे तर अनौरस मुलाचा आणि मुलीचाही उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना अशी लेकरं आठवली. त्यांना वाढवणारी, त्या माणसाचा डबा भरणारी बाई मात्र आठवली नाही. कॅनडाच्या काही प्रांतांत ठरावीक वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराला अशा भरपाईत नवराबायकोसारखंच धरतात. आपल्याकडे वर्षं मोजत नाहीत असं नाही. दीर्घकाळ एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालंच असेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 पासून अनेकदा गृहीत धरलं आहे. पण पहिलं लग्न कायद्याने उभं असलं की ते गृहीतक तिथेच कोसळतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात लग्नासारख्या नात्याला संरक्षण आहे, पण ते जिवंत माणसाकडून मागायचं.

म्हणून दावा मुलीच्या नावाने लावला आणि मी तिची पालक म्हणून सही केली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 ने रद्दबातल लग्नातलं लेकरूही औरस ठरतं. आमचा देवळातला विधी झाला होता, त्याचे फोटो कामी आले. त्याहून कामी आला महापालिकेचा जन्मदाखला, कारण त्यावर बापाचं नाव होतं. हे नाव लावून घ्यायला बाया लाजतात. लाजू नका.

ठेकेदाराने आधी ‘हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता’ म्हणून हात वर केले. ईएसआयमध्ये नाव घातलेलं नव्हतं, हजेरीपुस्तक गायब. मोबाईलने वाचवलं. मुकादमाचे ‘उद्या आठला गेटवर ये’ असे मेसेज, खात्यात आलेली उचल, साइटवरचा सेल्फी. शिवाय ठेकेदार पळाला तरी कारखान्याचा मूळ मालक सुटत नाही, त्यालाही प्रतिवादी करता येतं. मात्र 1923 च्या कायद्यात दावा मृत्यूपासून दोन वर्षांत लावावा लागायचा.

थोरलीशी भांडायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तिचाही नवराच गेला होता. तिच्या वकिलाने माझ्या मुलीचा हक्क नाकारला नाही, आम्ही तिचा नाकारला नाही. रक्कम आयुक्तांनी थोरली, तिचा मुलगा, सासूबाई आणि माझी मुलगी यांच्यात वाटली. मुलीचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत आहे. माझ्या नावावर एक रुपयाही आला नाही. अन्याय आहे हा, आणि तो मी गिळलेला नाही. पण दोघी भांडत बसलो असतो तर ठेकेदाराचंच फावलं असतं.

आता माझ्यासारख्या बायांना सांगायचं ते असं. पेठ-सुरगाण्याकडची कितीतरी जोडपी लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून तशीच राहतात आणि नाशिकला बांधकामावर येतात. ज्यांचं आधीचं लग्न नाही, त्यांनी साधा विधी करून तीन साक्षीदारांसह ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद करून टाकावी. जिथे पहिली बायको आहे तिथे नोंदणीचा उपयोग नाही, आधी कोर्टातून घटस्फोटच हवा. बांधकाम मजूर असेल तर कल्याणकारी मंडळात नोंद करा, कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख मिळतात. बँकेतला 20 रुपये हप्त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या आणि नामनिर्देशनात तुमचं नाव आहे का ते डोळ्यांनी बघा. अपघाताने गेला तर दोन लाख नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती पडतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तेव्हा त्यानंतरच्या अपघातासाठी कलमं आणि मुदत वकिलाकडून नव्याने समजून घ्या. ‘विधवा’ हा शब्द त्या यादीतही तसाच आहे.

आणि दारात कुणी कागद घेऊन आलं, तर सहीच्या आधी एवढंच विचारा: कामगार न्यायालयात किती भरले? पावती दाखवा.