चंदनाचे रोप घेण्याआधी



पेठ-सुरगाण्याहून निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणारी माणसे हल्ली मला विचारतात, "दादा, गावच्या माळावर टिश्यू कल्चरचे चंदन लावू का?" रोपे महाग असतात आणि पैसा हंगामाच्या मजुरीचा असतो. म्हणून या वेळचा पाठ चंदनावर.

रोप कसे होते? बागेत राबणाऱ्यांना कलम ठाऊक आहे. ज्या वेलाचा डोळा, त्याच वेलाची द्राक्षे. इथेही तत्त्व तेच. चांगल्या मातृवृक्षाचा बारीक तुकडा निर्जंतुक बाटलीत साखर, क्षार आणि वाढद्रव्ये घातलेल्या आगरावर वाढवतात. पुढे रोपाला सावलीत बाहेरच्या हवेची सवय लावतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील बापट व राव यांनी अशी चंदनाची रोपे तयार केल्याचे १९७९ साली प्रसिद्ध केले. बियांची रोपे एकसारखी निघत नाहीत. ही मातृवृक्षासारखी निघतात.

पण बाटलीतून फक्त वाण मिळतो. पुढचे तीन हिशेब आपले आपणच करायचे.

पहिला, सोबतीचा. चंदन आपल्या मुळांनी शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी व क्षार घेते. एकटे लावले तर खुरटते. सुरुवातीला तूर, पुढे करंज किंवा सुरू जवळ हवे.

दुसरा, जमीन व काळाचा. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात मुळे कुजतात. निचऱ्याची मुरमाड जमीन बरी. सुगंधी गाभा साधारण दहा वर्षांनंतर धरू लागतो, विकण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षे जातात. तोवर चूल पेटती राहावी म्हणून नागली-वरईचे रान मोडू नका. बांधावर थोडीच झाडे लावा.

तिसरा, कायद्याचा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चंदन आहे. स्वतःच्या शेतातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून लागवडीची नोंद तलाठ्याकडे सातबाऱ्यावर करून घ्या.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने शिकवले (लूक १४:२८). रोप विकणाऱ्याला विचारा : मातृवृक्ष कुठला व किती वर्षांचा? पिशवीत सोबतीचे रोप आहे का? पक्की पावती देणार का? उत्तरे मिळेपर्यंत पैसे देऊ नका.