एकदा डेंग्यू झाला म्हणजे सुटलो, असं नाही!
आरोग्याचा धडा: बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा



पावसाळा लागला की बैठकीत बचत आणि हप्ते झाल्यावर विषय तापावर येतोच. दोन वाक्यं दर वर्षी कानावर पडतात. एक, "मला मागे डेंग्यू होऊन गेलाय, आता काही परत होत नाही." दुसरं, "रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे डेंग्यूच झालाय ना?" पहिल्या समजुतीने जीव धोक्यात येतो आणि दुसरीने गाठीचा पैसा जातो. म्हणून या महिन्यात हेच नीट समजून घेऊ.

डेंग्यू परत का होतो?

कोणताही विषाणू अंगात शिरला की शरीर त्याला ओळखणारी प्रतिपिंडे तयार करतं. यांनाच अँटीबॉडी म्हणतात. गोवर एकदा झाला की सहसा परत होत नाही, तो यांच्यामुळेच. डेंग्यूचं मात्र वेगळं आहे, कारण त्याचे विषाणू चार प्रकारचे आहेत. चार सख्ख्या भावांसारखे, दिसायला सारखे पण माणसं चार. एका प्रकाराचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापासून बरीच वर्षं, बहुतेक आयुष्यभर, संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मात्र काही महिनेच. त्यामुळे एकाच बाईला एकापेक्षा जास्त वेळा डेंग्यू होऊ शकतो.

दुसऱ्या वेळी जास्त का जपायचं?

दुसऱ्या प्रकारचा विषाणू आला की जुनी प्रतिपिंडे त्याला पकडतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्या पकडीचाच फायदा घेऊन विषाणू आपल्या पेशींमध्ये सहज शिरतो आणि वाढतो. राखणदारानेच चोराला हात धरून घरात आणावं, तसं होतं.

हे क्युबा देशात स्पष्ट दिसलं. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकारची साथ आली, ती बहुतेकांना सौम्य गेली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकारची साथ आली. सुमारे साडेतीन लाख लोक आजारी पडले, १५८ दगावले, त्यांत १०१ मुलं होती. गंभीर झालेल्यांपैकी बहुतेकांना आधी एकदा डेंग्यू होऊन गेला होता. पुढे १९९७ मध्ये तिथल्या सांतियागो शहरात परत दुसरा प्रकार आला. तेव्हा गंभीर झाली ती मोठी माणसं, ज्यांना वीस वर्षांपूर्वी पहिला प्रकार झाला होता. म्हणजे इतक्या वर्षांनीही हा धोका राहतो.

घाबरू नका. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यूही बहुतेकांचा बरा होतो. आणि पहिल्यांदा झालेला कधीच गंभीर होत नाही, असंही नाही. तान्ह्या बाळांकडे तर खास लक्ष द्या. आईला पूर्वी डेंग्यू झालेला असेल तर तिची प्रतिपिंडे पोटातच बाळाला मिळतात. जन्मानंतर ती हळूहळू कमी होत जातात, आणि त्या काळात बाळाला पहिलाच डेंग्यूसुद्धा जड जाऊ शकतो.

कोणती तपासणी, कोणत्या दिवशी?

ताप आला तो पहिला दिवस धरा आणि तारीख लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

१. एनएस-१: ही विषाणूच्याच एका भागाची तपासणी. पहिल्या पाच दिवसांत उपयोगी.

२. आयजीएम: नवीन प्रतिपिंडे. साधारण पाचव्या दिवसापासून दिसतात, दोन-तीन महिने राहतात. दुसऱ्याच दिवशी ही तपासणी केली आणि निगेटिव्ह आली, तर त्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही.

३. आयजीजी: जुनी प्रतिपिंडे. ही वर्षानुवर्षं राहतात.

आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर आयजीएम म्हणजे चालू महिन्याची हजेरी, आयजीजी म्हणजे जुन्या वहीतली नोंद. जुन्या वहीत नाव आहे म्हणून बाई आज बैठकीला आली, असं कोणी म्हणत नाही. तसंच नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आजचा ताप डेंग्यूचाच, असं नाही. आणि "आता मी सुरक्षित" असंही नाही, कारण चारपैकी कोणता प्रकार झाला होता ते ही तपासणी सांगत नाही.

आणखी एक. ज्यांना आधी डेंग्यू झालाय त्यांचं एनएस-१ आणि आयजीएम कधी कधी निगेटिव्ह येतं. म्हणून "मला मागे डेंग्यू झाला होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

झटपट होणाऱ्या कार्ड टेस्टवर निदान पक्कं धरत नाहीत. त्यासाठी एलायझा तपासणी लागते. ती सरकारने ठरवून दिलेल्या रुग्णालयांत मोफत होते. आपल्या भागातलं केंद्र कोणतं, ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. रिपोर्टसाठी गटातून कर्ज काढण्याआधी ही चौकशी नक्की करा.

ताप उतरला तरी सावध राहा

डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. बाई "बरं वाटतंय" म्हणत लगेच शेतात जाते, तेच हे दिवस. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ वाटणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठा. तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहू नका.

तापाला पॅरासिटामॉल घ्या, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. अंगदुखीची दुसरी गोळी दुकानातून मनाने घेऊ नका. ॲस्पिरिन, आयब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, सरबत, ओआरएस देत राहा.

गटाने काय करायचं?

डेंग्यूची लस अजून आपल्या सरकारी लसीकरणात नाही. चारही प्रकारांवर एकदम चालेल अशी लस बनवणं अवघड आहे. देशी लसीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत डास रोखणं आपल्याच हातात आहे. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक वार कोरडा दिवस ठरवा. रांजण, पिंप, हौद रिकामे करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात कोणाकोणाला डेंग्यू होऊन गेलाय? त्यांचे रिपोर्ट जपून ठेवलेत का?
२. तापाच्या दुसऱ्या दिवशी कोणती तपासणी उपयोगी, आणि सहाव्या दिवशी कोणती?
३. आपल्या वस्तीचा कोरडा दिवस कोणता? ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.