येरमाळ्याच्या पायऱ्या आणि गीतेतला ‘विहार’



आजचं वाचन: गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

फार खाणाऱ्याला योग जमत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. सतत झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, कामातले कष्ट, झोप आणि जागरण हे सगळं बेतानं चालतं, त्याचा योग दुःख घालवणारा होतो. दोन श्लोकांचा अर्थ एवढाच. सोपा आहे म्हणून मी दरवेळी त्यावरून भरकन पुढे जायचो. ‘आहार’ या शब्दावर थांबायचो, उपवासाबद्दल चार ओळी लिहायचो आणि दिवसाचं चिंतन संपवायचो. ‘विहार’ म्हणजे आपलं फिरणं-बिरणं असेल, असं धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात तो शब्द मला येरमाळ्याच्या डोंगरावर अडवा आला.

नव्या वाचकांसाठी सांगतो, माझं गाव तेरखेडा. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका. सोलापूर-धुळे महामार्गावरचं फटाक्यांचं गाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला. आमच्या अण्णांचं गावात किराणा दुकान. सकाळी सातला शटर वर, रात्री नऊला खाली, मधला सगळा वेळ गादीवर. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांना शुगर निघाली, तीन महिन्यांची सरासरी ९.२. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. मग मी पुण्यातून रोज फोन. ‘अण्णा, चाललात का? अण्णा, बूट आणले का?’ आठ-दहा दिवस त्यांनी ऐकून घेतलं. एक दिवस शांतपणे म्हणाले, “तू रोज चालूलालास का रं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं. एका जिमचे वर्षाचे पैसे भरून मी मोजून अकरा दिवस गेलो होतो. ऑफिसात नऊ-दहा तास खुर्ची, घरी आलं की पलंग, आणि रात्री हे चिंतन लिहायचं तेही पलंगावर लोळूनच.

चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला आम्ही सगळे येरमाळ्याला गेलो. देवळाच्या पायऱ्या अर्ध्याही झाल्या नसतील, अण्णा कठड्याला धरून थांबले. मी त्यांना आधार द्यायला म्हणून थांबलो, असं दाखवलं. खरं तर माझ्याच छातीचा भाता झाला होता. सत्तरी ओलांडलेली आजी आमच्या शेजारून, पदर खोचून, वर गेली. वळून म्हणाली, “आरं, देवीला यायचं म्हणल्यावर पायाला काय इचारायचं?” दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडं निघाली, तेव्हा रानात वाकून वाकून चुनखडीचे खडे वेचणाऱ्यांच्या गर्दीत ती होतीच. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगतो, चैत्रातल्या उन्हात लाखो माणसं वाकताहेत, उठताहेत, वेचलेले खडे देवीच्या नावानं ठेवताहेत. यातल्या कुणालाही विचारा, ‘व्यायाम करता का?’ हसतील.

त्या रात्री मी सहावा अध्याय पुन्हा काढला. शंकराचार्यांचं भाष्य बघितलं तर तिथं विहार या शब्दाचा अर्थ चक्क पावलं टाकणं, चालणं असा दिलाय. मग ज्ञानेश्वरी उघडली. याच श्लोकावर माउली सांगतात की बोलणं मोजकं असावं आणि चालतानाची पावलंही मापात पडावीत. माझ्या डोक्यात ‘योग’ म्हटलं की डोळे मिटून बसणं. आणि इथं भगवंत ध्यानाच्या अध्यायाच्या मधोमध पायांबद्दल बोलताहेत! तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात तर ते अर्जुनाला सरळ सांगतात, काहीच केलं नाहीस तर शरीराची यात्रासुद्धा चालणार नाही. शरीराची *यात्रा*. शब्द बघा.

पण खरं सांगू का, अर्थ कळला म्हणून कुणी पहाटे उठत नाही. मी तरी उठलो नाही.

उठवलं दुसऱ्याच गोष्टीनं. अण्णा तरुणपणी भजनी मंडळात टाळ वाजवायचे. दुकान वाढलं तसं ते सुटलं. आजीनं एक दिवस दुकानात येऊन सांगितलं की संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला पोरं कमी पडूलालेत, तू ये. डॉक्टरांचा विषयही काढला नाही. अण्णा गेले. ज्यांनी वारकरी हरिपाठ उभ्यानं केलाय त्यांना माहीत आहे, तो नुसता म्हणत नाहीत. टाळ हातात, समोरासमोर ओळी, पुढे पाऊल, मागे पाऊल, मध्येच गिरकी, मध्येच उडी. पावल्या म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी चौथ्या-पाचव्या अभंगालाच अण्णा खांबाला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या धरल्या. पण गेले, कारण टाळकऱ्यांच्या ओळीत त्यांची जागा ठरली होती आणि ते नाही आले तर ती जागा रिकामी दिसायची.

दिंडीतसुद्धा हेच असतं ना? आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. एवढं एकट्यानं ट्रेडमिलवर चालायला सांगा! दिंडीला नंबर असतो, दिंडीत तुमची जागा असते, मुक्काम ठरलेला असतो, तोंडात अभंग असतो. आणि दिवसभर चालून आलेली माणसं रिंगणात परत पळतात, फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात. पासष्टीच्या मावश्या! मी आधी याला श्रद्धेची ताकद म्हणून सोडून द्यायचो. आता वाटतं, त्यात *खेळ* आहे हे आपण विसरलोय. आपल्या पिढीनं व्यायामाला शिक्षा करून ठेवलंय. कॅलरी जाळायच्या, पोट कमी करायचं, खाल्लेल्या वडापावचं प्रायश्चित्त घ्यायचं. शिक्षा कोण रोज आनंदानं भोगेल?

माझी सुरुवात त्यानंतर झाली. मोबाईलमध्ये हरिपाठाचं एक रेकॉर्डिंग आहे, पंचवीस मिनिटांचं. ते कानात लावायचं आणि ते संपेपर्यंत चालायचं, एवढाच नेम. वेग मोजायचा नाही, पावलं मोजायची नाहीत. नंतर सहज हिशेब केला: आठवड्यातले सहा दिवस धरले तर १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान तेवढीच मध्यम हालचाल सांगते (शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, त्यासाठी मी सूर्यनमस्कार घालतो, बारा ठरवतो आणि आठवर थांबतो). पहिली दहा मिनिटं आजही नकोशी असतात. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाचं लक्षण आलंय, आधी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं. मी ते समाधीबद्दल समजत होतो. सोसायटीच्या गेटपासून दुसऱ्या चौकापर्यंत विष, तिथून पुढं बरं वाटतं. माझा एवढाच अनुभव.

आईचं मात्र अवघड होतं. “घरातलं काम काय कमी आहे का?” हे तिचं म्हणणं खोटं नाही. आणि गावात बाईमाणूस नुसतंच रस्त्यानं चालत निघालं की दहाजण विचारतात, कुठं निघालीस? एका मोठ्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांमध्ये ४२. मला त्या फरकात आळस दिसत नाही, हा प्रश्नच दिसतो: कुठं निघालीस? आईनं उत्तर शोधलं, “देवळात.” शेजारच्या दोघी आणि ती, संध्याकाळी मारुतीला अकरा प्रदक्षिणा. आता किती होतात ते त्यांनाही माहीत नाही, गप्पा संपेपर्यंत चालतात.

गेल्या वर्षी मात्र एक पेच आला. अण्णांना जोर चढला होता. म्हणाले, यंदा पौर्णिमेला तेरखेड्याहून येरमाळ्याला चालत जायचं, अनवाणी. नवसच बोलून बसले. डॉक्टरांनी चालायला हो म्हटलं, अनवाणीला स्पष्ट नाही. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होऊ शकते. काच लागली, फोड आला तरी कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. अण्णा ऐकेनात. “देवीच्या वाटेवर बूट घालू?” घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. मी गीता घेऊन बसलो, सतराव्या अध्यायातले पाचवा-सहावा श्लोक वाचून दाखवले. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे शरीराला पिडतात, ते आत बसलेल्या मलाही पिडतात, असं भगवंत म्हणतात. अण्णा म्हणाले, “हे तुझं पुस्तकातलं.”

आजी ऐकत होती. तिनं स्वतः जाऊन बाजारातून बूट आणले, देवघरात येडाईच्या फोटोपुढं ठेवले, हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, “आता हे तिचेच हायत. घाल.”

बुटाला हळद-कुंकू शास्त्रात बसतं का, हे मला विचारू नका.

पहाटे चारला निघालो. महामार्गावर ट्रक फार, म्हणून जमेल तिथं पाणंदीनं गेलो, पाठीवर टॉर्चचा उजेड ठेवून. अण्णांच्या खिशात गोळ्या आणि खडीसाखर, शुगर एकदम उतरली तर असावी म्हणून. वाटेत दोनदा बसले. पायथ्याशी पोचल्यावर बूट-मोजे काढून त्यांनी तळवे नीट बघितले, मला दाखवले आणि पायऱ्या चढले. कठड्याला एकदा हात लावला. मी दोनदा.

आता त्यांची सरासरी ७.१ आहे. गोळ्या चालू आहेत, भात कमी झालाय, तेव्हा सगळं श्रेय पावल्यांना देणं बरोबर होणार नाही. रात्री जेवल्यावर दुकानापर्यंत एक फेरी मारतात. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना फार पटलंय. गिऱ्हाइकांनाही सांगतात, साखर तोलता तोलता.

तुमच्यापैकी कुणाला शुगर, गुडघे, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग ठरवा. आणि तुम्ही कशाच्या नादानं चालता, नाचता, खेळता, ते मला जरूर कळवा. लेझीम चालेल, फुगडी चालेल, गच्चीवरचं क्रिकेटही चालेल.

उद्या श्लोक १८, वाऱ्याशिवायच्या दिव्याच्या दाखल्याआधीचा. आज इथंच थांबतो. सव्वासात झालेत, हरिपाठ सुटला की अण्णांचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न माझ्याच पावलांचा असतो.