बुडवणे आणि बुडी मारायला लावणे

तृतीय वर्ष कला (इतिहास)

इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकावरील खेळाविषयी लेख लिहावा याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचा उगम एका खेळातच आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमच्या वसतिगृहात रात्रीची जेवणे आटोपली की चार-दोन मित्र इंटरनेटवरून आरमारी युद्धाचा एक खेळ खेळतात. शत्रूच्या नौकांचे जो अधिक नुकसान करील, त्याला अधिक गुण. पुढे या खेळात पाणबुड्या आल्या. त्यांनी धुमाकूळ घातला, तेव्हा त्यांची शिकार करणारी विमाने आली. बटण दाबावे, विमानाने यावे, पाण्यात स्फोटके टाकावीत आणि निघून जावे, असा सारा मामला. माझ्या खोलीतील सोबती पाणबुडीचा पक्षपाती, मी विमानांचा. एकदा हट्टाने मी वीस डावांचा हिशेब वहीत टिपला. विमानांनी पाणबुड्या बुडवल्या होत्या अवघ्या दोन! सोबत्याने माझी यथेच्छ टर उडवली, आणि विमान हे पाणबुडीपुढे कुचकामी हत्यार आहे, असे मीही मनोमन मान्य केले.

दुसऱ्या महायुद्धावरील तासाला मी हेच मत मोठ्या ऐटीत मांडले. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बुडालेल्या पाणबुड्या तू मोजल्यास. न बुडालेली जहाजे कोणी मोजायची?” या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते शोधण्याच्या धडपडीतून हा लेख तयार झाला.

पाणबुडीची खरी अडचण

पाणबुडी ही सदैव पाण्याखाली राहणारी नौका, अशी आपली समजूत असते. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीला मात्र ती लागू पडत नाही. ती बहुतेक काळ पाण्यावरच चाले आणि गरजेपुरती बुडी मारी. कारण तिच्या डिझेल इंजिनांना हवा लागे. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले आणि बॅटरी भरण्यासाठी पुन्हा वर येणे भाग पडे.

जर्मनीची त्या काळी सर्वाधिक संख्येने बांधलेली ‘सात-सी’ जातीची पाणबुडी घ्या. पाण्यावर तिचा वेग ताशी सुमारे १७ सागरी मैल. पाण्याखाली तो जेमतेम साडेसात, आणि तोही थोडाच वेळ. ताशी ४ मैलांच्या बेताच्या गतीने ती पाण्याखालून सुमारे ८० मैल जाऊ शके. मग बॅटरी संपे.

आता अटलांटिक महासागरातून इंग्लंडकडे निघालेला मालवाहू जहाजांचा एक संथ तांडा डोळ्यांपुढे आणा. त्याचा वेग ताशी ७ मैल. पाण्यावरची पाणबुडी त्याला सहज गाठील. पण आकाशात विमान दिसले आणि तिला सहा तास पाण्याखाली राहावे लागले तर? तेवढ्या वेळात ती २४ मैल जाईल, तांडा ४२ मैल जाईल. म्हणजे पाणबुडी १८ मैल मागे पडली. वर आल्यावर हे अंतर भरून काढायला तिला जवळजवळ दोन तास लागतील, आणि तेही तांड्याने मधल्या काळात दिशा बदलली नसेल तर! बदलली असेल, तर अफाट सागरात तिने त्याला शोधायचे कोठे?

जर्मन पाणबुड्या कळप करून हल्ला करीत. एक पाणबुडी तांड्याचा माग काढी आणि बिनतारी संदेशाने इतरांना बोलावून घेई. ही माग काढणारी पाणबुडीच विमानाने पाण्याखाली दडपून ठेवली, की साऱ्या कळपाचे डोळे बांधले जात. या सगळ्यात विमानाने एकही पाणबुडी बुडवलेली नसते. त्याने तिला केवळ बुडी मारायला लावलेली असते. मराठीत हे दोन्ही शब्द किती जवळचे! पण युद्धाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

इतिहासाची साक्ष

याचा अर्थ विमाने पाणबुड्या बुडवीत नसत, असा नव्हे. १९४१ साली ब्रिटनच्या किनारी हवाई दलात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. विमानातून टाकलेले डेप्थ चार्ज, म्हणजे ठराविक खोलीवर फुटणारी स्फोटके, १०० फुटांवर फुटतील अशी लावलेली असत. कारण विमान दिसल्यापासून पाणबुडी तेवढी खोल जाते, असा हिशेब होता. ई. जे. विल्यम्स यांचे म्हणणे असे, की खोल गेलेली पाणबुडी नेमकी कोठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही. नेम साधण्याची खरी शक्यता असते ती नुकतीच बुडी मारू लागलेल्या पाणबुडीवर, आणि तिच्यासाठी १०० फूट फारच खोल. ही खोली कमी करीत पुढे २५ फुटांवर आणली गेली. स्फोटक तेच, विमान तेच. परिणाम मात्र असा वाढला, की इंग्रजांनी नवे, अधिक जहाल स्फोटक काढले असावे, असे पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटले.

तरीही अटलांटिकच्या मध्यभागी एक पट्टा असा होता, की जेथे किनाऱ्यावरून उडालेली विमाने पोहोचत नसत. जहाजांची मोठी हानी तेथे होई. अतिदूर पल्ल्याची लिबरेटर विमाने आली, तेव्हा हा पट्टा मिटत गेला. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि २४ मे रोजी सेनापती डोनिट्झ याने उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या. हे श्रेय एकट्या विमानांचे नव्हे. संरक्षक नौका, रडार, छोट्या विमानवाहू नौका आणि फोडलेली सांकेतिक लिपी यांचाही त्यात मोठा वाटा होता.

याच शास्त्रज्ञांचे नेते पॅट्रिक ब्लॅकेट. त्यांना पुढे १९४८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी संरक्षणविषयक विज्ञानासंबंधी त्यांचाच सल्ला घेतला. त्यांचा एक हिशेब मला फार अस्वस्थ करून गेला. आइसलँडहून तांड्यांचे रक्षण करणारे एक लिबरेटर आपल्या सुमारे ३० उड्डाणांच्या आयुष्यात निदान अर्धा डझन व्यापारी जहाजे वाचवी. तेच विमान बर्लिनवर पाठविले, तर तेवढ्याच आयुष्यात १०० टनांहून कमी बॉम्ब टाकून फार तर दोन डझन स्त्री-पुरुष व मुले मारी आणि काही घरे पाडी. एकाच विमानाचे हे दोन उपयोग. पैकी पहिल्याचे छायाचित्र काढता येत नाही. कारण सुखरूप बंदराला लागलेल्या जहाजाची बातमी होत नसते.

जमिनीवरचा समुद्र

खेळातून हे शिकता येईल काय? येईल, नव्हे, तसे झालेलेही आहे. १९४२ च्या आरंभी लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी संरक्षक नौकांच्या अधिकाऱ्यांसाठी खोलीच्या जमिनीवर समुद्र आखून एक युद्धखेळ मांडला. तो चालविण्यात नौदलाच्या महिला दलातील तरुणींचा मोठा हात होता. शिकाऊ अधिकारी पडद्याआड बसत आणि छोट्या फटीतून, खऱ्या समुद्रावर जेवढे दिसले असते तेवढेच त्यांना दिसे. या खेळातून निघालेले डावपेच पुढे अटलांटिकवर वापरले गेले.

आम्हीही एका रविवारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात खडूने चौकटी आखल्या. एक चौकट म्हणजे एक सागरी मैल. नियम तीनच केले. पहिला, विमान स्फोटके टाकून पळणार नाही. ते तांड्याभोवती घिरट्या घालील. दुसरा, पाण्याखालच्या पाणबुडीचा वेग चारच राहील आणि बॅटरी भरण्यासाठी तिला वर यावेच लागेल. तिसरा, गुण बुडवलेल्या नौकांना नव्हेत, तर बंदरात पोहोचलेल्या जहाजांना. सोबत्याने पाणबुडी घेतली. दोन तास त्याने कौशल्याने ती वाचवली. मला ती एकदाही बुडवता आली नाही. पण माझी बारापैकी अकरा जहाजे बंदराला लागली. खडू खाली ठेवीत तो म्हणाला, “बुडालो नाही रे, पण हरलो!” सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले.

आपला समुद्र

हा केवळ परक्यांचा इतिहास नव्हे. गोव्यास गेलो असता दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात मी ‘आलिझे’ विमान पाहिले. ‘विक्रांत’वरून उडणारे, पोटाशी रडार बाळगणारे, तिघांचे हे पाणबुडीशोधक विमान. आज दाबोळीवरून ‘पी-८ आय’ विमाने उडतात. ती समुद्रात आवाज टिपणारी तरंगती यंत्रे टाकतात. कारण अणुशक्तीवरील पाणबुडीला हवेसाठी वर यावे लागत नाही. साधने बदलली, तरी पहारा तोच.

त्या विमानापुढे उभा असताना मला ‘खुकरी’ आठवली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुडीचा शोध घेत असलेली ही आपली नौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ‘जर-तर’ने इतिहास लिहिता येत नाही, म्हणून मी अधिक काही म्हणत नाही. पण १९४ हा आकडा वाचल्यापासून ‘नौका बुडाली, गुण मिळाले’ ही पाटी पडद्यावर झळकली, की बोट क्षणभर थबकते.

मित्रहो, खेळ जरूर खेळावा. मात्र त्यात गुण कशाला मिळतात आणि कशाला मिळत नाहीत, हे एकदा तपासून पाहावे. इतिहासाच्या पुस्तकालाही हीच कसोटी लावता येईल. बुडालेल्यांची नावे तेथे सापडतात. रात्रभर कोणीतरी आकाशात घिरट्या घातल्या म्हणून जे सुखरूप घरी पोहोचले, त्यांची मोजदाद मात्र आपल्यालाच करावी लागते.