फोटोतली माळ कोणाची?



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत पेटीतले जुने फोटो बाहेर निघतात आणि आजीच्या गळ्यातली माळ पाहून कोणीतरी विचारते, "ही आता कोणाकडे आहे?" प्रश्न साधा, पण वाटणीच्या वेळी त्यावरूनच नणंद-भावजयांत वर्षानुवर्षे अबोला राहतो. म्हणून फोटो काय सांगतो व काय सांगत नाही, हे आपण समजून घेऊ या.

१. आधी फोटोचा काळ ठरवा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव व गाव छापलेले असते. जळगाव, धुळे की भुसावळ, हे कळले तर आपले कुटुंब तेव्हा कोठे राहत होते याच्याशी ताळा करा. लग्नाचा फोटो असेल तर चर्चच्या विवाह नोंदवहीतून तारीख मिळू शकते.

२. रंगावर विसंबू नका. जुन्या काचेच्या प्लेटा निळा रंग चटकन टिपत, पिवळा व तांबडा मात्र फार कमी. त्यामुळे सोने काळपट आणि निळे लुगडे फिकट दिसते. काळा दिसला म्हणून दागिना खोटा ठरत नाही.

३. घडणीपेक्षा खूण शोधा. पुतळ्यांची माळ पुष्कळ घरांत होती. पुतळीचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. त्यावर एका बाजूस संत मार्क व त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, तर दुसऱ्या बाजूस प्रभू ख्रिस्त असे. व्यापारातून ती नाणी भारतात आली, सोनारांनी त्यांच्या नकला केल्या; पुढे पुतळ्यांवर लक्ष्मीही आली. एकाच ठशाच्या पुतळ्या अनेक घरांत असणार. म्हणून पुतळ्यांची संख्या मोजा; वेगळी दिसणारी पुतळी, बदललेला फासा पाहा. शिरपूर-चोपड्याकडील पावरा व भिल्ल कुटुंबांनी चांदीच्या दागिन्यांतही झीज व जोडलेला सांधा पाहावा.

४. मधल्या काळाची चौकशी करा. १९६२च्या चीन युद्धात अनेक स्त्रियांनी संरक्षण निधीला दागिने दिले. १९७२च्या दुष्काळात कित्येक घरांचे सोने सराफाकडे गेले. माळ मोडून पाटल्याही झाल्या असतील. सोन्यावरचा हॉलमार्क २००० साली सुरू झाला. तो दिसला तर दागिना नंतर घडवलेला असण्याचा संभव अधिक.

५. एकाच फोटोवर निकाल देऊ नका. खुर्ची, घड्याळ, फुलदाणी बहुधा स्टुडिओची असे. लग्नात शेजारणीचा किंवा जावेचा दागिनाही अंगावर घातला जाई. निरनिराळ्या प्रसंगांच्या दोन-तीन फोटोंत तोच दागिना, त्याच खुणेसह दिसला, तर मात्र ओळख पटली असे समजावे.

एवढे करूनही एक गोष्ट उरतेच. माळ कोणी घातली होती हे फोटो सांगतो. ती कोणाला दिली हे सांगत नाही. ते देणाऱ्याच्या तोंडूनच कळते, आणि देणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत.

या आठवड्यात करावयाचे: घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ फोटो घेऊन बसा. नाव, गाव, प्रसंग व दागिन्याची हकीकत वहीत लिहा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. मऊ पेन्सिलने हलक्या हाताने फक्त क्रमांक घाला. आणि ही बैठक सगळ्या भावंडांसमोर होऊ द्या. सर्वांनी मिळून ऐकलेल्या गोष्टीवरून पुढे भांडण होणे कठीण.