खुणेची शहानिशा

लीफलेटसारखी मुक्त लायब्ररी हाताशी असली आणि सीएसव्ही फाइलीत अक्षांश-रेखांशांचे दोन रकाने भरलेले असले, म्हणजे थोड्याच ओळींच्या कोडाने स्थळांची सबंध यादी नकाशावर मार्करांच्या रूपाने उभी राहते. आणि काम इतके सुलभ झाल्यामुळेच यादीची शहानिशा करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या बारा मराठा किल्ल्यांची एक तयार फाइल माझ्याकडे आली, तेव्हा आलेला अनुभव म्हणूनच सविस्तर सांगावासा वाटतो.

काही दोष पाहताक्षणी उघडे पडतात. जिओजेसन या फाइलप्रकारात रेखांश आधी लिहावयाचा असतो, तर लीफलेटचा मार्कर अक्षांश आधी मागतो. यांची अदलाबदल झाली की रायगड थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडतो. रिकामा रकाना शून्य धरला गेला, तर किल्ला गिनीच्या आखातात दिसतो. अशा चुकांची मला धास्ती नाही. धास्ती वाटते ती खऱ्या जागेच्या आसपास उमटून खरी भासणाऱ्या खुणेची.

त्या फाइलीत खांदेरीपुढे १८.४२ आणि ७२.४८ असे आकडे होते. मार्कर रेवदंड्याच्या नैर्ऋत्येस, भर अरबी समुद्रात उमटला, आणि खांदेरी हा जलदुर्गच असल्यामुळे पाहणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. वस्तुतः थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी नुसत्या डोळ्यांनी दिसते! जुन्या नोंदीतील १८ अंश ४२ कला, ७२ अंश ४८ कला हे आकडे उतरवून घेताना कोणीतरी अंशापुढे नुसता बिंदू दिला होता. अंशाच्या कला साठ. म्हणजे ४२ कलांचे ०.७० अंश होतात आणि ४८ कलांचे ०.८०. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असल्याने किल्ला तीस किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस आणि जवळजवळ तितकाच पश्चिमेस सरकला होता. नकाशावर विसंबून माणसे मुलाबाळांसह घराबाहेर पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोषाचे गांभीर्य कळते.

तो ओळखण्याचा उपाय सोपा आहे. दशांशचिन्हापुढचे पहिले दोन आकडे रकानाभर वरपासून खालपर्यंत वाचीत जावे. खऱ्या दशांश अंशांत ते ०० पासून ९९ पर्यंत कुठेही विखुरलेले असतात; बारा किल्ल्यांच्या चोवीस आकड्यांत एकही ५९ च्या वर गेला नसेल, तर तो निव्वळ योगायोग मानता येणार नाही. दुरुस्ती करताना मूळ रकाना पुसू नये. नवे आकडे शेजारच्या रकान्यात लिहावे, म्हणजे हिशेब कोणालाही ताडून पाहता येतो. हे आकडे इंग्रजीच असावेत, कारण देवनागरी अंक कोडाला आपोआप संख्या म्हणून कळतीलच असे नाही. किल्ल्यांची नावे मात्र खुशाल देवनागरीत ठेवून फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी.

राज्याच्या सीमांची चौकट आखून तिच्याबाहेरच्या नोंदी कोडाकरवी परस्पर गाळण्याचीही रीत आहे. चौकट जरूर आखावी, परंतु गाळण्याचा अधिकार तिला देऊ नये. राजाराम महाराजांनी जेथून स्वराज्याचा कारभार चालविला, ती जिंजी तमिळनाडूत आहे. महाराष्ट्राच्या चौकटीने ती यादीतून गहाळ होईल, आणि ७२ ते ८१ रेखांशांच्या त्याच चौकटीत चुकीची खांदेरी मात्र निर्वेधपणे बसून राहील. म्हणून चौकटीबाहेरच्या नोंदी वेगळ्या काढून, आणि जलदुर्गांच्या बाबतीत चौकटीच्या आतल्यासुद्धा, एकेक करून उपग्रहचित्रावर पाहाव्या, आणि मार्कराखाली तटबंदी दिसली तरच ती नोंद कायम करावी.